नास्तिकाची पट्टी

२०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारी माणसं साऱ्या भारतात तेहतीस हजारांच्या आसपास निघाली. त्यातली साडेनऊ हजार एकट्या महाराष्ट्रात. हा आकडा छापून आला तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुरोगाम्यांना भरून आलं म्हणतात. पण एवढी माणसं आमच्याकडं कुस्तीच्या बऱ्यापैकी फडाला जमतात, आणि निकाली कुस्ती लागली नाही तर तेवढीच शिव्या देत घरी जातात.

आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो कसा गोळा होतो ते फक्त सांगतो. खेड्यात प्रगणक म्हणून येतात ते प्राथमिक शाळेचे गुरुजी. त्यांनी तुमच्या पोराला बाराखडी शिकवलेली असते, पोरीच्या लग्नाच्या पंक्तीत ते जेवलेले असतात, तुमचा खंडोबाचा टाक कुठल्या फळीवर असतो तेही त्यांना ठाऊक असतं. ते धर्माचा रकाना विचारत नाहीत, भरतात. एखाद्यानं धीर करून सांगितलंच, "गुरुजी, आपण काय देव मानत नाय," तर ते चष्म्यावरून बघतात आणि शांतपणे विचारतात, "बरं. पण लिहू काय?"

२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही आणि 'मला कुठलाच धर्म नाही' असं म्हणायचा हक्क माणसाला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार देणाऱ्या नाशिककडच्या एका शिक्षकाची अडवलेली वेतनश्रेणीही त्याच न्यायालयानं सोडवली होती. दोन्ही निकाल चांगले. पण पुणे-सोलापूर महामार्गावरून बऱ्याच चांगल्या गोष्टी आमच्या डोळ्यांदेखत जातात, डाळजला थांबत नाहीत.

डाळज म्हणजे भिगवण आणि पळसदेवच्या मधलं. एक नाही, तीन. डाळज नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि मधे ऊस. गावांना नंबर टाकून भागलं, देवांना मात्र प्रत्येकी स्वतंत्र नाव, स्वतंत्र वार आणि स्वतंत्र नैवेद्य. बांधावर म्हसोबा, घरात खंडोबा, माळावर बिरोबा, आणि कुलदैवत पार दूर शिखर शिंगणापूरला, म्हणजे गाडीभाडं आलंच. एवढ्या दाटीत एखादा नास्तिक राहतो कसा, याचं बाहेरच्यांना कुतूहल असतं. त्यांना वाटतं, गाव त्याला वाळीत टाकत असेल, पाणी तोडत असेल. तसं काही नसतं. गाव त्याला काम लावतं.

आमचे आण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नास्तिक पुस्तकं वाचून झाले नाहीत, कालव्यावर झाले. चाळीस वर्षं त्यांनी खडकवासल्याच्या कालव्याला टेलला पाणी पोचतं की नाही ते बघितलं. टेलवाला शेतकरी देवाला नारळ फोडतो, आणि पाणी मधल्याच कुणाच्या विहिरीत रात्री वळतं. वळवणाराही सकाळी त्याच देवाला नारळ फोडतो. "दोघांचे नारळ घेऊन देव गप्प," आण्णा म्हणायचे, "आणि शिव्या मात्र पाटकऱ्याला." पुढं त्यांचा विश्वास फक्त आवर्तनाच्या तारखेवर उरला, आणि तोही पूर्ण नाही.

तर या माणसाची यात्रेची पट्टी मागायला कमिटी जायची. पट्टी ही घरटी असते, श्रद्धेटी नसते. आण्णा म्हणायचे, "मी देवाला एक रुपया देणार नाही." कमिटी म्हणायची, "देवाला कोण मागतंय? मांडववाल्याला द्यायचाय." मग वादावादी होऊन ५०१ रुपये ठरायचे आणि आण्णा पावतीवर लिहून घ्यायचे : 'मंडप व विद्युत रोषणाईकरिता'. इथवर तत्त्व शाबूत. पण यात्रेच्या दिवशी कर्ण्यावर नावं पुकारतात. निवेदक रंगात आलेला. "आपल्या गावचे ज्येष्ठ, आदरणीय आण्णा, यांजकडून श्रींच्या चरणी..." एवढ्यात कुणीतरी शर्ट ओढायचं. कर्ण्यातून खुसफूस ऐकू यायची. मग, "...माफ करा मंडळी, श्रींच्या ट्यूबलायटीला, रुपये पाचशे एक!" टाळ्या त्यालाच जास्त पडायच्या.

पुढं आण्णा यात्रा कमिटीचे खजिनदार झाले. हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. आधीचे सगळे खजिनदार भक्त. भक्ताची अडचण अशी, की तो देवाला परका मानत नाही. आपण देवाचे, देव आपला, मग पेटी कुणाची? कुणी उसनवारी म्हणून घेतलं, कुणी देवाचं आहे म्हणूनच परत द्यायची घाई केली नाही. हिशोब मागितला की उत्तर एकच, "वरचा बघतोय." वरचा बघत होता, पण लिहून ठेवत नव्हता. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. "आण्णाकडं द्या. त्यो देव मानत न्हाय, म्हंजी देवाच्या पैशाशी त्याचं काय नातं न्हाय." बैठकीत एकही हात विरोधात वर गेला नाही. दानपेटीची किल्ली तेव्हापासून आण्णांच्या जानवं नसलेल्या करदोट्याला. देवळात पाऊल न टाकणारा माणूस पेटी मोजायला दर महिन्याला गाभाऱ्याच्या दारात पालथी मांडी घालून बसायचा, आणि पुजारी बाहेर थांबायचा.

आण्णांच्या पडवीचा दुसराही एक उपयोग होता. आमच्याकडं माणसाला वार फार. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. एखाद्यानं सगळे धरले तर उजनीची चिलापी खायला त्याला बुधवार आणि शुक्रवार उरतात, त्यात श्रावण आला की तेही बुडाले. नास्तिकाच्या घरी वार नसतो. त्यामुळं ऐन गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा पक्के भाविक आण्णांकडं 'ठिबकचा विषय' घेऊन यायचे. घरी सांगायची सोय होती, "आण्णाकडं होतो." बायकांना वास यायचाच. पण दोष आण्णांच्या खात्यावर जायचा, आणि तिथं तो जमा करायला कुणी देव बसलेला नव्हता. मला वाटतं गावाला नास्तिक हवा असतो तो मुख्यतः यासाठी.

वादात मात्र आण्णा हटकून हरायचे. तेही पुरुषांकडून नाही.

पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलेलं आहे. १९८० साली धरण पुरं झालं, गावं वर सरकली, पळसनाथही नव्या गावात नव्या देवळात बसला. जुनं दगडी देऊळ तळाशी राहिलं. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३च्या वर मृतसाठा. हिशोबात जे पाणी नाहीच, त्या पाण्यात देव. दुष्काळात धरण 'मायनस'मध्ये गेलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग कोरलेल्या मूर्ती. २०२४च्या उन्हाळ्यात असंच वर आलं, तेव्हा लोक होडीतून, चिखलातून बघायला गेले. आण्णांना हा मुद्दा बिनतोड वाटायचा. एकदा पारावर त्यांनी तो एका आजीपुढं मांडला. "आजी, ज्याला स्वतःचं घर वाचवता आलं नाही, तो तुझं काय वाचवणार?"

आजी तंबाखू मळत होती. म्हणाली, "सरकारपुढं कुनाचं चाललंय? आमचं बी गेलंच की. आमी उठलो, त्यो बी उठला. तक्रार केली का त्यानं?" चिमूट दाताखाली धरून पुढं म्हणाली, "आन् त्येला तर प्लॉटचा उतारा बी न्हाय मिळाला."

आण्णा निरुत्तर. प्रकल्पग्रस्त देवावर टीका कशी करायची हे कुठल्याच बुद्धिवादी पुस्तकात दिलेलं नाही. बरं, देऊळ उघडं पडलं की होडीत पहिले आण्णाच. "शिल्पकाम बघायला जातोय," म्हणायचे. तिथं गुडघाभर चिखलातून जाताना चपला हातात घ्याव्याच लागतात, त्यामुळं देवळात ते अनवाणीच शिरले हे सगळ्यांनी पाहिलं आणि आपापल्या सोयीनं लिहून ठेवलं.

तसा देव न मानणाऱ्याचा इतिहास आमच्या तालुक्यात जुना. भीमा आणि नीरा जिथं मिळतात ते नीरा-नरसिंहपूर इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला. तिथला नरसिंह म्हणजे खांबातून बाहेर पडून हिरण्यकशिपूचा निकाल लावणारा देव. लहानपणी आम्हाला सांगत, बघ, देव नाही म्हणणाऱ्याचं काय होतं. मोठेपणी आण्णांनी दुरुस्ती केली. हिरण्यकशिपूनं ब्रह्मदेवाकडून रीतसर वर मागून घेतला होता. जो देवाकडून काम करून घेतो तो नास्तिक कसला? तो विरोधी पक्षातला. पक्षप्रवेश राहून गेला म्हणून मारला गेला.

पक्षाचं निघालंच आहे तर शेजारच्या बारामतीत जाऊन येऊ. २०२२ साली राज ठाकरे यांनी भर सभेत शरद पवार नास्तिक असल्याचं म्हटलं. राज्यभर चर्चा झडली. पवारांनी आपण धर्माचं प्रदर्शन करत नाही असं सांगितलं आणि बारामतीकरांना विचारा म्हणाले; त्यांच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढं फुटतो हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता नारळ फोडणारा मनात काय म्हणतो हे मारुती विचारत नाही, मतदार तर नाहीच नाही. आमच्याकडच्या माणसाला यात विसंगती अशी दिसतच नाही. नारळ फुटला ना? मग झालं. खोबरं वाटा.

पुण्याची गोष्ट वेगळी. तिथं माणसाच्या मनात काय आहे याची फार चौकशी. गोपाळ गणेश आगरकर देव न मानता बोलू-लिहू लागले, तर सनातनी पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि त्यांना ती बघायला लागली. आमच्या गावात हे जमलं नसतं. माणुसकी म्हणून नव्हे, खर्च म्हणून. प्रेतयात्रा म्हटली की तिसऱ्या दिवशी सावडणं आलं, मग दहावा, मग आचारी, जिलेबी की बुंदी हा वाद, पाहुण्यांना टॉवेल-टोप्या. ज्याची यात्रा तो स्वतः जिवंत, म्हणजे जेवायला तोही बसणार. चार्वाकानं म्हणे कर्ज काढून तूप प्यायला सांगितलं होतं. आमच्याकडं कर्ज काढायला नास्तिक व्हावं लागत नाही, त्याला विकास सोसायटी आहे, पण ती पीककर्ज देते, असल्या कामाला देत नाही.

याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते डाळजच्या बातमीत बसणारं नव्हतं, पण आण्णांच्या पडवीत बसलं. संध्याकाळी भजनी मंडळातले दोघं येऊन टेकले. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही, आण्णांनी दाभोलकरांचं काढलं नाही. उजनी किती टक्के भरली यावर बोलणं झालं. चहा झाला. ते गेले. त्या वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात देव न मानण्याबद्दल एक अक्षर नाही, तरी गावात बरेच दिवस समज होता, की आता आण्णा कुणालाही अटक करू शकतात. देवऋषी त्यांना लांबूनच नमस्कार घालायचा.

इथपर्यंत मी 'आण्णा' म्हणतोय, 'काकू' म्हणत नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेल. पुरुष नास्तिक झाला की त्याच्या वाटचं सगळं देवाधर्माचं घरातली बाई भरते. काकू मार्गशीर्षातले गुरुवार करायच्या, वडाला फेऱ्या घालायच्या, चातुर्मासात कांदा-लसूण सोडायच्या, आणि आण्णांसाठी वेगळी कांद्याची भाजी करायच्या. आण्णांची विचारसरणी ही काकूंच्या दोन चुलींवर शिजत होती. एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही मनापासून मानता?" त्या म्हणाल्या, "मनाला कोण विचारतंय? एकानं न्हाई म्हनलं तर दुसऱ्याला व्हय म्हनावंच लागतं. घर हाय."

बाईला नास्तिक होता येत नाही असं नाही. तिला ते नाव मिळत नाही. उपास नको असलेली बाई "मला पित्त होतं" म्हणते, देवळात जायचं नसलेली "गुडघे धरलेत" म्हणते, सत्यनारायणाला उठून जाणारी "दूध उतू जाईल" म्हणते. आमच्या तालुक्यातली निम्मी पित्तं तपासली तर डॉक्टरांना औषधाऐवजी आगरकर लिहून द्यावे लागतील. पुरुषाच्या नास्तिकपणाला चहा आणि श्रोते मिळतात, बाईच्याला इनो.

आता वीणेचं सांगतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नसते. एकानं उभ्यानं धरायची, दोन तासांनी पुढच्याच्या गळ्यात द्यायची. दिवसा मानासाठी भांडणं, रात्री मात्र पहारे ओस. एका सप्ताहात पहाटे दोन ते चारचा विणेकरी आलाच नाही. आधीचा पोरगा उभ्या-उभ्या डुलतोय, मांडवात चार टाळकरी, त्यातले तीन घोंगडीत. आण्णांना निवृत्तीपासून झोप नव्हती. खजिनदार या नात्यानं ते डिझेलच्या जनरेटरचा हिशोब बघायला त्या वेळी मांडवात आलेले. पोरानं त्यांना बघितलं, कोण आहे हे त्याच्या झोपेत शिरलं नाही, आणि त्यानं वीणा काढून त्यांच्या गळ्यात घातली. पाया पडला, गेला.

आण्णा खांबाशी उभे. ठेवली तर सप्ताह मोडला. मोडला तर गाव म्हणणार, नास्तिकानं मोडला. धरली तर तत्त्व मोडलं. पण ते बघायला जागं कोण होतं? त्यांनी धरली. तुणतुण चालूच ठेवावी लागते, नाहीतर टाळकरी उठतात. नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी कालव्याच्या फाट्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, क्रमांकासह, वरून खाली. चालीवर बरी बसली. चौथा टाळकरी अर्धवट झोपेत टाळ धरत राहिला. चारला पुढचा आला तेव्हा आण्णा टेलपर्यंत जाऊन परत मुखाला आले होते. त्या वर्षी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी हा प्रसंग रंगवून सांगितला, पण त्यात फाटे नव्हते, डोळ्यांतून धारा होत्या. आण्णा मागं उभं राहून ऐकत होते. दुरुस्ती करायला त्यांनी हात वर केला होता, तो लोकांनी जयजयकारात धरला.

आषाढीला तुकोबांची पालखी आमच्या गावात येत नाही. ती बारामतीवरून सणसरला, बेलवाडीच्या रिंगणावरून निमगाव केतकीला आणि इंदापूरला जाते. भाकऱ्यांचा टेम्पो भरून आम्हीच तिकडं जातो, आणि टेम्पोत पुढं बसायचे आण्णा, कारण भाकऱ्या मोजून घ्यायच्या-द्यायच्या. वारकऱ्यांनी पाय धरले की ते ओरडायचे, "अहो मी तसला नाही!" वारकरी म्हणायचे, "माउली, तसलं कोण असतं?" आणि ठेच्याकडं हात करायचे.

आण्णा वारले तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं होतं : दहावा नको, पिंड नको, केशवपन नको. मुलानं कागद भावकीत वाचून दाखवला. भावकीनं आदरानं ऐकला आणि दहाव्याची तारीख ठरवली. "त्यांचं त्यांनी सांगितलं. आपलं आपण करायचं." पाण्याच्या कडेला पिंड ठेवला. आता आमच्या पाणवठ्याला पक्ष्यांची कमी नाही. कुठून कुठून रोहित येतात, चित्रबलाक येतात, कॅमेरेवाले पुण्याहून येतात. कावळा तेवढा वेळेवर मिळत नाही. भल्याभल्या भक्तांच्या दहाव्याला तासतास ताटकळावं लागलंय. जमिनीची वाटणी सरळ करतो, धाकट्याला बघतो, असली वचनं घाटावर द्यावी लागलीत. आण्णांच्या पिंडाला कावळा पान ठेवतोय तोवर शिवला. गर्दी चाट पडली. एकजण म्हणाला, "पुण्यवान माणूस." दुसरा म्हणाला, "पुण्याचं काय न्हाय. मागायची सवयच नव्हती त्याला." गुरव कावळ्याकडं बघत म्हणाला, की या कडेला मासळीवाले टाकतात, इथं तो रोजच असतो. ते कुणी मनावर घेतलं नाही.

जेवणं उरकल्यावर कमिटीची माणसं तिथंच लिंबाखाली बसली. दानपेटीची किल्ली काकूंनी आणून दिली होती, ती मधे सतरंजीवर. कुणाकडं द्यायची? एकानं आण्णांच्या थोरल्याचं नाव काढलं. पुण्यात कंपनीत मोठ्या पगारावर, शिकलेला, दर शनिवारी गावाकडं असतो.

"तो कसा काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"लई चांगला. बापावर गेला न्हाय. शिर्डी, अक्कलकोट, सगळं करतो. गुरुवार कडक."

अध्यक्षांनी किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "मग राहू दे," म्हणाले. "दुसरा बघू. डाळज नंबर तीनला एक मास्तर हाय म्हनत्यात, नारळ बी फोडत न्हाय. चौकशी करा, खरंच मानत न्हाय का नुसताच चिकट हाय."